स्वस्त चिनी रेड वाइन चाखताना: ढोबळी मिरचीचा वास येतो कुठून?

ढोबळी मिरची चिरताना बोटांना जो हिरवा, किंचित कडवट वास लागतो, तोच वास वाइनच्या ग्लासातून आला तर माणूस गोंधळतो. माझं तसंच झालं. नोकरीनिमित्त मी तीन वर्षं शांघायजवळच्या सूचौ शहरात राहत होतो. घराखालच्या सुपरमार्केटात ४० युआनला, म्हणजे तेव्हाच्या साधारण ४०० रुपयांना, चिनी रेड वाइनची बाटली मिळायची. पहिल्या बाटलीत मिरची. दुसऱ्या कंपनीची आणली, तिच्यातही मिरची. तिसरीत मिरची आणि वर ओल्या लाकडाचा वास. माझी समजूत झाली की आपल्या वाट्याला खराब बाटल्या येत आहेत.

बाटल्या खराब नव्हत्या. त्या वासाला कारण होतं, आणि ते शोधत गेल्यावर चीनचा पाऊस, उत्तरेची थंडी, वजनावर द्राक्षं विकणारा शेतकरी आणि सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातून आलेली एक वेल, एवढं सगळं हाती लागलं.

मला तर वाटतं, वाइन चाखायला शिकायचं तर स्वस्त बाटलीपासूनच शिकावं. चांगल्या वाइनमध्ये आंबट, तुरट, गोड असं सगळं इतकं एकजीव झालेलं असतं की नवख्याला धागाच सापडत नाही. स्वस्त वाइनमध्ये एकेक गोष्ट सुटी सुटी कळते.

आधी नाक, मग जीभ

सर्दी झाली की वरण-भाताची चव जाते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. जीभ तेव्हाही धडधाकट असते, बंद असतं ते नाक. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. जांभूळ, लवंग, ओली माती, मिरची ही सगळी ओळख नाकाची. शिवाय नाकाला वास दोन वाटांनी पोचतो. एक समोरून, हुंगताना. दुसरी आतून, घोट गिळल्यावर घशामागून वर. म्हणून वाइन गिळल्यानंतर तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. कित्येकदा मिरची हुंगताना जाणवत नाही आणि या दुसऱ्या वाटेने स्पष्ट येते.

ग्लास एक तृतीयांशच भरावा. हलवला की वाइन काचेवर पसरते, वास मोकळा होतो आणि वरच्या रिकाम्या जागेत साठतो. आपल्या हवामानात एक गोष्ट मात्र न विसरता करायची. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात, ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मुंबईच्या ३० अंशांत ठेवलेल्या बाटलीतून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं आणि बाकीचं दबून जातं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. सूचौचा उन्हाळाही मुंबईसारखाच दमट असतो, हे मला तिथे बऱ्याच उशिरा सुचलं.

तुरट म्हणजे काय

आता एक लहान घोट घ्या आणि चूळ भरल्यासारखा तोंडभर फिरवा.

गालांच्या आतल्या बाजूंना पाणी सुटलं, तर तो आंबटपणा. कैरीची फोड नुसती डोळ्यांपुढे आणली तरी जे होतं, तेच. घोट खाली गेल्यावर छातीत ऊब आली, तर ते अल्कोहोल. स्वस्त चिनी रेड वाइनमध्ये ते बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास असतं.

तिसरी गोष्ट समजून घ्यायला मराठी माणसाला फार सोपी, कारण आपल्या सहा रसांत तिला स्वतंत्र जागा आहे. तुरट. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ जड होते, काजूच्या बोंडाने घसा धरतो, कोरा कडक चहा प्याला की दातांवरून जीभ फिरवताना खरखर लागते. रेड वाइनमध्ये हे काम टॅनिन करतं, आणि ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि देठांतून येतं. पांढऱ्या वाइनमध्ये रस आधीच वेगळा काढतात. लाल वाइनमध्ये तो सालीबियांसकट आंबवतात, म्हणून रंगही येतो आणि तुरटपणाही.

आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, ती तोंडाला वंगणासारखी असतात. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या गाठी करतं. वंगण गेलं की जीभ टाळूला घासते. तेव्हा तुरटपणा हा काटेकोरपणे पाहिलं तर स्पर्श आहे, चव नव्हे. याचा पडताळा घरातच मिळतो. एकाच किटलीतला चहा दोन कपांत ओता आणि एकात दूध घाला. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच पकडून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा तेवढा तुरट लागत नाही. चीज किंवा मटणाबरोबर रेड वाइन मऊ लागते, त्यातही प्रथिनांचं हे काम असतं.

तुरटपणातही प्रत असते. पिकलेल्या द्राक्षाचं टॅनिन मखमलीसारखं सगळीकडे सारखं पसरतं. कच्च्या द्राक्षाचं टॅनिन हिरड्यांना ओरबाडतं आणि मागे कडू ठेवतं. ४० युआनच्या बाटलीत मला बहुतेक वेळा दोनांपैकी एक सापडे. एकतर हे ओरबाडणं, नाहीतर तुरटपणाच नाही आणि वाइन पाणचट.

मिरचीचं मूळ

ढोबळी मिरचीच्या वासामागे मेथॉक्सीपायरॅझिन नावाच्या रसायनांचं कुटुंब आहे. मिरचीत आणि काही जातींच्या द्राक्षांत नेमकं तेच रसायन असतं. वाइन मिरचीसारखी ‘भासते’ असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे, तो वास खरोखर तोच असतो. एका लिटरात त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. द्राक्ष हिरवं असताना हे रसायन जास्त असतं. घडांना ऊन मिळालं आणि फळ पिकत गेलं की ते कमी होतं. ग्लासातली मिरची म्हणजे पुरेसं न पिकलेलं फळ, हा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही.

मग फळ पिकू का देत नाहीत? इथे शांतुंग प्रांत येतो. चीनच्या आधुनिक वाइनचा जन्म तिथलाच. १८९२ मध्ये झांग बीशी या उद्योजकाने यान्ताई या बंदराच्या गावी चांगयू ही कंपनी काढली. हा दक्षिण चीनचा माणूस, त्याने पैसा कमावला होता पेनांग (आजच्या मलेशियात) आणि डच ईस्ट इंडीजमध्ये (आजचा इंडोनेशिया). युरोपातून वेली आणल्या, फॉन बाबो नावाच्या ऑस्ट्रियन माणसाला वाइन करायला ठेवलं, समुद्राजवळ जमिनीखाली तळघर बांधलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात या कंपनीने सुवर्णपदकं मिळवली. चांगयू आजही चीनच्या सगळ्यात मोठ्या वाइन कंपन्यांपैकी एक आहे.

यान्ताईला समुद्रामुळे हिवाळा सौम्य असतो, ही तिथली जमेची बाजू. अडचण पावसाची. वर्षाचा पाऊस साधारण पुण्याएवढा, पण त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकं द्राक्षात रंग आणि साखर भरायच्या दिवसांत पडतो. नाशिकच्या बागायतदाराला यापुढचं सांगावं लागणार नाही. डाऊनी, भुरी, घडकूज, सगळे ओलाव्यात फोफावणारे बुरशीचे रोग. मुळांनी पाणी ओढलं की मणी फुगतात आणि रस पातळ होतो. त्यात द्राक्षं बऱ्याचदा छोट्या शेतकऱ्यांकडून वजनावर घेतलेली. वजनावर पैसे मिळणारा शेतकरी वेलीवर जास्त घड ठेवणार, आणि पुढच्या पावसाआधी माल उतरवून मोकळा होणार. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण जास्त घडांत वाटली गेलेली साखर आणि आठवडाभर आधी झालेली तोडणी ग्लासात उतरते ती अशी: पुढे मिरची, मध्ये पाणी, शेवटी ओरबाडणारा तुरटपणा.

एवढ्यावर सगळं संपत असतं तर चांगल्या वर्षी मिरची गेली असती. ती जात नाही, कारण दुसरं मूळ वेलीच्या जातीत आहे. चीनमध्ये ‘श लोंग जू’ नावाचं एक लाल द्राक्ष फार लावलेलं आहे. नावाचा शब्दशः अर्थ साप-ड्रॅगन-मोती. यान्ताईला सुरुवातीच्या काळात युरोपातून आलेल्या वेलींपैकी ते एक. इंग्रजी लेबलांवर बरीच वर्षं त्याला कॅबर्ने गर्निश्ट म्हणत. डीएनए तपासणीत निघालं की हे फ्रान्सच्या बोर्दो भागातलं कारमेनेर. मुळांवर जगणाऱ्या फायलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केल्यानंतर कारमेनेर तिथून जवळपास नाहीसं झालं. चिलीमध्ये ते मर्लो नावाची दुसरीच जात समजून वाढवलं जात होतं, १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने ते ओळखलं. चीनमध्ये ते तिसऱ्याच नावाने नांदत होतं. एकच वेल, दोन खंडांत दोन टोपणनावांनी. कारमेनेर उशिरा पिकतं, आणि मेथॉक्सीपायरॅझिन त्यात मुळातच भरपूर. म्हणजे उशिरा पिकणारं फळ, लवकर येणारा पाऊस आणि घाईची तोडणी. वास यायचाच.

हे कळल्यापासून तो वास मला खुपेनासा झाला. थोडी मिरची त्या जातीची ओळख आहे. मिरचीशिवाय दुसरं काहीच नसेल, फळाचा पत्ताच नसेल, तर ती कच्ची वाइन.

मातीत पुरलेल्या वेली

पाऊस नको, तर पश्चिमेला कोरड्या भागात जावं. चीनने तेच केलं. निंगशिया या स्वायत्त प्रदेशात यिनच्वान शहराच्या पश्चिमेला हेलान पर्वत आहे, त्याच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आता मैलोगणती द्राक्षमळे आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, भरपूर ऊन, पिवळ्या नदीचं पाणी. भुरी-डाऊनीचा त्रास कमी, फळ व्यवस्थित पिकतं. २०११ मध्ये लंडनच्या डिकँटर या वाइन-स्पर्धेत हेलान छिंगश्वे या तिथल्या छोट्या वायनरीच्या २००९ सालच्या ‘ज्याबेलान’ वाइनने बोर्दो पद्धतीच्या रेड वाइनमध्ये आंतरराष्ट्रीय करंडक मिळवला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. ती वाइन केली होती झांग जिंग या वाइनतज्ज्ञ बाईंनी.

पण हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जातो आणि वारा कोरडाठाक. उघडी राहिलेली वेल थंडीने आणि सुकव्याने मरते. म्हणून दर नोव्हेंबरच्या सुमारास तारांवरून वेली सोडवायच्या, छाटायच्या, जमिनीलगत वाकवायच्या आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर चढवायचा. एप्रिलच्या सुमारास माती काढून पुन्हा तारांवर बांधायच्या. दरवर्षी. यंत्रं आली आहेत, तरी वेल वाकवणं आणि शेवटची माती बाजूला करणं यात माणसाचे हात लागतात. वाकवताना खोडं तडकतात, दर हंगामाला काही वेली जातात, त्यामुळे जुना मळा टिकवणं कठीण. वेल वाकावी म्हणून तिला सरळ उभं वाढवतच नाहीत, पहिल्यापासून तिरकी ठेवतात.

नाशिकमध्ये वेल झोपतच नाही. आपण वर्षातून दोनदा, खरड छाटणी आणि गोडी छाटणी करून तिला वळण लावतो आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतो. तिथे वर्षातले पाच महिने वेल जमिनीखाली असते. निंगशियाची खरी चांगली वाइन ४० युआनला का मिळत नाही, याचं अर्धं उत्तर या मजुरीत आहे.

ईशान्येला, कोरियाच्या सीमेकडच्या च्लिन प्रांतात, निराळाच मार्ग आहे. तिथे अमूर नावाचं जंगली द्राक्ष उणे ४० पर्यंतची थंडी सोसतं, पुरावं लागत नाही. रंग गडद, मणी बारीक, आंबटपणा दात आंबवणारा. म्हणून त्याची वाइन बहुतेक गोड करतात. थोंगह्वा या शहराची अशी गोड लाल वाइन चीनमधल्या जुन्या पिढीच्या ओळखीची आहे. ती रेड वाइन समजून प्यालात तर चकित व्हाल. कोकम सरबताच्या जवळची समजून प्यालात तर आवडेल.

गोडी, पाणी आणि लेबल

स्वस्त चिनी वाइनबद्दल जो संशय घेतला जातो त्याला इतिहास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. चीनमध्ये पूर्वी ‘अर्ध्या रसाची वाइन’ कायदेशीर होती. म्हणजे द्राक्षाचा रस निम्मा, बाकी पाणी, साखर, अल्कोहोल, रंग. २००४ मध्ये तिची विक्री बंद झाली. २००८ पासून नवं राष्ट्रीय मानक सक्तीचं झालं आणि वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांपासून किंवा त्यांच्या रसापासून आंबवलेलं पेय, हे पक्कं ठरलं. तरी डिसेंबर २०१० मध्ये सरकारी वाहिनीने हपै प्रांतातल्या छांगली भागात पाणी, साखर आणि रसायनं घालून बनावट वाइन होत असल्याचं दाखवलं, आणि मोठी खळबळ उडाली.

मागणी एवढी होती याची कारणंही पाहायला हवीत. १९९६ मध्ये पंतप्रधान ली पंग यांनी धान्याच्या कडक दारूऐवजी फळांच्या वाइनचा पुरस्कार केला. धान्य वाचावं हा त्यामागचा हेतू. लाल रंग तिथे शुभ, त्यामुळे लग्नात आणि मेजवानीत रेड वाइनच. २०१३ पर्यंत हाँगकाँग धरून चीन १८६ कोटी बाटल्या रेड वाइन पिऊ लागला, फ्रान्सपेक्षा जास्त. गेल्या काही वर्षांत तो आकडा आणि देशातलं उत्पादन दोन्ही बरंच उतरलं आहे.

त्या भरभराटीच्या काळात रेड वाइनमध्ये स्प्राइट घालून पिण्याची पद्धत होती. युरोपियन लोक त्याला हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साखर तुरटपणा आणि कडवटपणा झाकते, थंडीने मिरचीचा वास दबतो. ओरबाडणाऱ्या वाइनवर लोकांनी आपल्या बुद्धीने काढलेला तो उपाय होता.

बाटली घेताना लेबलावर ‘गान’ हे अक्षर शोधावं. दोन आडव्या रेघा आणि मधून खाली जाणारी एक उभी रेघ, इतकं सोपं. गान म्हणजे कोरडी. चिनी मानकानुसार अशा वाइनमध्ये लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंतच साखर चालते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यापुढे १२ ग्रॅमपर्यंत अर्धकोरडी, ४५ पर्यंत अर्धगोड, त्यावर गोड. लेबलावर द्राक्षाची जात लिहिलेली असेल तर किमान ७५ टक्के वाइन त्या जातीची हवी. साल किंवा प्रदेश लिहिला असेल तर किमान ८० टक्के त्याची. ठळक छापलेला प्रत्येक आकडा हंगामाचा नसतो, तो कंपनीच्या स्थापनेचा किंवा नावाचा भागही असतो. आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर आत चिलीहून किंवा स्पेनहून मोठ्या टाक्यांतून आलेली वाइनही मिसळलेली असू शकते. त्यात वाईट काही नाही, अशी वाइन कधी कधी जास्त पिकलेली लागते.

व्हॅनिलाचा गोडसर वास भपकन पुढे आला आणि घोटात मात्र त्याचं काही उरलं नाही, तर ओक लाकडाचे तुकडे टाकीत सोडले असण्याची शक्यता जास्त. ओकचं पिंप महाग, एवढ्या किमतीत ते परवडत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास आला तर बूच खराब. व्हिनेगरचा आला तर बाटली स्वयंपाकघरात ठेवावी.

दोन बाटल्या शेजारी

एक बाटली एकटी चाखून फारसं कळत नाही, दोन शेजारी ठेवल्या की कळतं. सूचौ सोडण्याआधी एका संध्याकाळी मी शांतुंगची ४० युआनची आणि निंगशियाची १२० युआनची अशा दोन उघडल्या. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरके धरले. स्वस्त वाइन कडेला पातळ आणि फिकट माणिकरंगी, दुसरी कडेपर्यंत गडद जांभळट. पहिलीत मिरची, ओलं गवत आणि खाली कुठेतरी आंबट आलुबुखार. दुसरीत पिकलेलं जांभूळ, काळं मनुकं, मिरचीची फक्त चाहूल. घोटात दुसरी भरीव, टॅनिन मऊ. लेबलावर अल्कोहोल १४ टक्के, आणि ते छातीत जाणवत होतं. कोरड्या उन्हात साखर वाढली की अल्कोहोल वाढतं आणि फळातला आंबटपणा उतरतो, त्यामुळे तिसऱ्या घोटाला ती थोडी जड वाटायला लागली.

मग जेवायला बसलो. सोलापूरहून आणलेल्या काळ्या मसाल्यातला चिकनचा रस्सा आणि भात होता. तिखटाबरोबर अल्कोहोलची धग दुप्पट होते, आणि निंगशियाची वाइन रश्श्यावर चक्क भाजायला लागली. शांतुंगची, थोडी गार केलेली, १२ टक्क्यांची, आंबट आणि हलकी. तिचा मिरचीचा वास रश्श्यातल्या कोथिंबिरीत मिसळून गेला. जेवण संपलं तेव्हा महागडी बाटली निम्मी उरली होती आणि स्वस्त बाटली रिकामी झाली होती.